सुविधाचं दूध बंगळूरला नेलं तेव्हा

सुविधा माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि माझी अडचण तीच आहे. ती भांडकुदळ असती, आळशी असती, तर मी सुखाने तिचा राग केला असता. पण ती पावणेआठच्या बसने पेडण्याच्या मामलेदार कचेरीत नोकरीला जाणार, जायच्या आधी नारळ खवून वाटण करून ठेवणार आणि संध्याकाळी येताना पोदेराच्या भट्टीतले कडक उंडे पाव माझ्यासाठी आठवणीने आणणार. अशा बाईवर जळायचं म्हणजे आपलीच आपल्याला लाज वाटते. मी तरीही जळले. चांगली तीन वर्षं जळले.

ती डिचोलीतल्या मुळगावची. तिचे वडील कृष्णनाथ खाणीवर कारकून होते. खाण बंद पडली तेव्हा ही कॉलेजात होती. शिकवण्या घेऊन शिकली, सरकारी परीक्षेला बसली आणि पहिल्या फटक्यात पास झाली. माझा दीर साईश तिला बघायला गेला, तेव्हा तिने आधीच सांगून टाकलं की नोकरी सोडणार नाही. आमच्या इब्रामपुरात सासूबाईंनी त्यावरून पुष्कळ कुरकुर केली. लग्न होऊन महिना झाला नाही तोच सुविधाने त्यांना पेडण्याला नेलं, डोळे तपासले, नवा चष्मा करून दिला. तेव्हापासून सासूबाईंच्या तोंडी सुविधा म्हणेल ती पूर्व. मी त्या घरात आठ वर्षं राबत होते, पण त्यांना नीट दिसत नाही हे काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

माझं नाव भाग्यलक्ष्मी. ठेवणाऱ्याने काय बघून ठेवलं कोण जाणे. लग्नाला अकरा वर्षं झाली आणि मूल नाही. म्हापशाचे दोन डॉक्टर झाले, पणजीचा एक झाला. देवळात मूर्तीला पाकळ्या चिकटवून प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला; पाकळी कधी उजवीकडे पडली, कधी डावीकडे पडली, मूल काही झालं नाही. माझा नवरा गोपाळ त्यावर कधी एक शब्द बोलला नाही, तेही मला टोचायचं.

सुविधाला लग्नाच्या तिसऱ्या वर्षी दिवस गेले. ओटी भरायच्या दिवशी मी मुद्दाम चुलीपाशी वडे तळत बसले होते, कारण पहिली ओटी लेकुरवाळीने भरायची असते आणि मला कुणी उठून बाजूला हो म्हणायच्या आत मीच बाजूला झालेली बरी. सुविधा पाटावरून उठून आत आली. म्हणाली, "वैनी, पयली ओटी तुमीच भरूंक जाय. तोमेरेन हांव बसचें ना." तोवर पाटावर बसणारच नाही म्हणे.

मी पिठाचे हात धुतले आणि ओटी भरली. सगळे तिचं कौतुक करत होते, किती मोठ्या मनाची सून म्हणून. मला तर तिने भीक घातल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मला तिचा जेवढा राग आला तेवढा कधीच आला नव्हता.

मुलगा झाला, पोट चिरून. त्याच दिवशी कळलं की पोराच्या हृदयात दोष आहे आणि बंगळूरला नेऊन लगेच ऑपरेशन करायला हवं. साईश डॉक्टरांबरोबर पोराला घेऊन विमानाने गेला. सुविधाला तोवर पुरती शुद्धही आली नव्हती. पुढे तिचे टाके चिघळले, ताप उतरेना. आठवड्याने तिला घरी आणलं, पण प्रवासाचं नाव काढायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन नीट पार पडलं. पण पोराला डब्याचं दूध पचेना, दिलं की पोट फुगायचं. आईचं दूध मिळालं तर लवकर सावरेल, असं तिकडच्या डॉक्टरांनी कळवलं.

मग आमच्या घरात दूध काढायचं यंत्र आलं. सुविधा दर तीन तासांनी उशीला टेकून बसायची आणि दूध काढायची. टाके ओढले की ओठ दाताखाली धरायची, पण हूं की चूं नाही. छोट्या पाकिटांत दूध भरून त्यावर तारीख, वेळ आणि स्वतःचं नाव कचेरीतल्या फायलीवर घालावं तसं सुवाच्य अक्षरात लिहायची. फ्रीजरमध्ये गोपाळने भरून ठेवलेले बांगडे होते. सासूबाईंनी ते सगळे शेजारी वाटून टाकले. मी फ्रीजर लिंबू लावून तीनदा घासला. गोपाळ बिचारा चार दिवस डाळभात जेवला आणि फ्रीजकडे बघत राहिला.

पाकिटं फ्रीजरमध्ये मीच लावायची. हातात घेतलं की पाकीट अजून कोमट असायचं. एका बाईच्या अंगातून एवढं येतं, आणि माझ्या अंगातून एक थेंब नाही. हा विचार मी करायचा नाही म्हणायचे आणि दर पाकिटाला करायचे.

सव्वीस पाकिटं झाली, तेव्हा ती न्यायची कुणी हा प्रश्न आला. गोपाळ तयार होता. सासूबाई म्हणाल्या, "तू जावन काय करतलंय? थय पोराक घेवक बायल माणूस व्हया. भागी जायत." भागी म्हणजे मी.

मोप्याचा विमानतळ आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. तो सुरू होऊन वर्ष झालं होतं. डोक्यावरून जाणारी विमानं मी रोज बघायचे, आत कधी बसले नव्हते. सुविधाने बिछान्यावरून सगळी तयारी केली. थर्माकोलची पेटी, बर्फाच्या पिशव्या, तिकीट, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीत लिहिलं होतं की हे सुविधाचं दूध आहे, तिचा मुलगा अमुक इस्पितळात आहे, आणि नेणारी बाई तिची जाऊ आहे. "वैनी, ही चिट पयलीं दाखयात, म्हणजे कोण कांय विचारचो ना," असं तिने मला दोनदा सांगितलं. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली.

पेटी बंद करायच्या आधी मी एक काम कुणाला न सांगता केलं. आमच्याकडे दूध किंवा मासळी वेशीबाहेर न्यायची तर तिच्याबरोबर कोळशाचा तुकडा आणि सुकी मिरची ठेवतात. दिष्ट लागू नये म्हणून. सासूबाई गडबडीत विसरल्या होत्या. मी विसरले नाही, कारण त्या दुधाला दिष्ट लावील अशी नजर सगळ्या गावात कुणाची असेल तर ती माझीच होती. पाकिटांना काजळी लागू नये म्हणून मी कोळसा आणि मिरच्या चपातीच्या चंदेरी कागदात घट्ट गुंडाळल्या आणि पेटीच्या तळाशी खुपसल्या. मला वाटलं, चांगलं काम केलं.

विमानतळावर तपासणीच्या यंत्राच्या पडद्यावर तो चंदेरी गोळा काय दिसला असेल देव जाणे. पेटी बाजूला काढली गेली. एक वर्दीतली तरुण बाई आली, तिने झाकण काढलं आणि पाकिटं एकेक करून ट्रेमध्ये मांडली. मग तो गोळा उघडला. कोळसा आणि सात मिरच्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी मोडक्या हिंदीत सांगितलं, नजर के लिए. ती हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. तिच्याही घरी असलं काही करत असावेत. कोळसा तिने कचऱ्यात टाकला.

मग तिने विचारलं, "दूध आपका है?"

पर्स माझ्या हातात होती. चिठ्ठी पर्समध्ये होती. मी म्हटलं, "हां. मेरा है."

का म्हटलं? अकरा वर्षांत मला असा प्रश्न कुणी विचारला नव्हता म्हणून. ओळखीचं कुणी ऐकणार नव्हतं म्हणून. माझ्या तोंडून ते इतकं सहज गेलं की मीच चपापले.

तिने एक पाकीट उचलून वाचलं. "ये सुविधा कौन?" माझ्या तिकिटावर भाग्यलक्ष्मी. मी म्हटलं, मीच. लग्नात नाव बदललं. आमच्याकडे बदलतात, हे काही खोटं नव्हतं. ती थोडी विचारात पडली आणि ओळखपत्र, तिकीट, एक पाकीट घेऊन साहेबांना विचारायला गेली. पेटी उघडीच होती. पाकिटं ट्रेमध्ये होती, बर्फाच्या पिशव्यांना घाम फुटला होता. चिठ्ठी काढली असती तर दोन मिनिटांत सुटले असते. पण आता काढली तर खोटी ठरले असते. मी घड्याळाकडे बघत उभी राहिले. अर्धा तास. सुविधाचं दूध माझ्या डोळ्यांदेखत विरघळत होतं आणि माझा हात पर्समध्ये जात नव्हता.

ती परत आली ती हसत. साहेबांनी सोडलं होतं. तिने स्वतः पाकिटं नीट भरली, माझ्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "बच्चा जल्दी ठीक होगा. माँ का दूध जा रहा है ना." मग हळूच सांगितलं, छाती भरून आली असेल तर दूध पाजायची खोली त्या बाजूला आहे.

मी त्या खोलीत गेले. कशाला गेले ते विचारू नका. आत एक बाई पोराला पाजत होती. तिने सरकून मला जागा दिली. मी पेटी मांडीवर घेऊन बसले. तिने विचारलं, किती दिवसांचं? मी म्हटलं, बारा. ती म्हणाली, मग अजून झोप पुरी होत नसेल. मी म्हटलं, नाही होत. एवढंच बोलणं. मला इतकं बरं वाटत होतं की विमानाची घोषणा झाली तेव्हा उठवेना.

विमानात मात्र ते बरं वाटणं उतरलं. खिडकी होती, खाली काय काय दिसत होतं, मी बघितलं नाही. मांडीवरच्या पेटीतून थेंब गळून साडी भिजली होती.

इस्पितळात नर्सने पेटी उघडली. वरची सहा पाकिटं पाणी झाली होती. ती म्हणाली, ही आजच वापरायला हवीत, परत गोठवून चालत नाही. बाळ एका वेळी दोन चमचे घेतं, म्हणजे यातलं बहुतेक फेकावं लागेल. सहा पाकिटं म्हणजे तापात दिवसभर काढलेलं दूध. साईश म्हणाला, "विमान लेट जालें काय गो वैनी?" मी हो म्हणून मान डोलावली. खरं काय ते त्याला अजूनही माहीत नाही. सुविधालाही नाही.

आत एकालाच सोडत होते. साईश दहा दिवस झोपला नव्हता. तो म्हणाला, वैनी, तुमी वचात. नर्सने माझ्या अंगावर हिरवा झगा चढवला आणि विचारलं, आई? मी या वेळी म्हटलं, नाही. काकी.

पोर केवढंसं होतं. छातीवर पट्टी, नाकात नळी. नर्सने माझ्या हातात चोच असलेली पळी दिली आणि कशी धरायची ते दाखवलं. मी पहिला थेंब त्याच्या ओठावर सोडला. त्याने जीभ बाहेर काढली. दुसरा थेंब गिळला. मग त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघत राहिला, आणि मी सोडत गेले तसं पीत गेला.

नर्स म्हणाली, आईला दाखवायचं असेल तर दोन मिनिटं फोन लावा. तिनेच माझा फोन हातात धरला. पडद्यावर सुविधा आली. केस विस्कटलेले, ओठ कोरडे. ती नुसती बघत राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "वैनी, तो तुमकां पळयता गो. म्हाका ताणें अजून पळोवंक ना."

त्याने मला पाहिलं होतं आणि आपल्या आईला अजून पाहिलं नव्हतं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला ओळखायला वेळ लागला नाही. मी ते तीन वर्षं स्वतःच्या तोंडावर वागवलं होतं. सुविधा माझ्यावर जळत होती. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मी पोरावर आणखी वाकले. फोन आणखी जवळ घ्या असं नर्सला सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही. दोन मिनिटांतलं एक मिनिट मी असं खाल्लं.

मग सुविधा रडायला लागली, आवाज न करता. टाक्यांवर हात दाबून. मला ते बघवलं नाही. मी नर्सला म्हटलं, फोन बाळाच्या कानाजवळ धरा. आणि सुविधाला बोल म्हटलं, "उलय गो त्याच्याकडे. रडा नको, उलय."

"बाळा," ती म्हणाली. "म्हज्या बाळा."

तो प्यायचा थांबला. घोट तोंडातच राहिला आणि ओघळून हनुवटीवर आला. त्याने माझ्यावरचे डोळे काढले आणि नाकातली नळी ओढली जात होती तरी मान त्या फोनकडे वळवली. नऊ महिने त्याने तोच आवाज ऐकला होता. सुविधा बोलत राहिली, तो ऐकत राहिला, आणि मी पळी धरून उभी होते.

नर्स म्हणाली, पाजा, आता तो घेईल. मी त्याची हनुवटी पुसली आणि पळी पुन्हा ओठाला लावली. तो प्यायला लागला. माझ्याकडे त्याने पुन्हा बघितलं नाही.