हजेरीपुस्तकाचा वास

कपाट उघडलं की एका जुन्या पांढऱ्या शर्टातून मशीनच्या तेलाचा वास येतो आणि मी खुलतो. सैन्यात कोर्ट मार्शलची वकिली करून निवृत्त झालो आणि बडोद्याच्या कामगार न्यायालयात नव्याने उभा राहिलो, तेव्हाची गोष्ट. माझा अशील मकरपुऱ्याच्या एका कारखान्यातला फिटर. तीन महिने गैरहजर राहिला म्हणून त्याला कामावरून काढलेलं. "साहेब, रोज जात होतो," तो शपथेवर सांगायचा. पण माझ्याकडे येताना तो हात घासून इतके चकचकीत करायचा की मला त्याचाही संशय यायचा. कंपनीच्या वकिलांनी हजेरीपुस्तक पुढे केलं; त्यात त्या तीन महिन्यांत त्याची एकही सही नव्हती. पांढरंशुभ्र! स्वच्छ कागदावर आधी संशय घ्यायचा, ही माझी फौजेतली खोड. मी ते भर कोर्टात नाकाशी धरलं. "अरे फौजी साहेब, आ रजिस्टर छे, गुलाब नथी!" वकील गुजरातीत म्हणाले, म्हणजे हे रजिस्टर आहे, गुलाब नव्हे. सगळे हसले. मी नाटकी आवाजात विचारलं, "चाळीस फिटर रोज यात सही करतात, मग तेलाचा एकही डाग कसा नाही?" हसू विरलं. न्यायाधीशांनी मूळ पुस्तक मागवलं. ते आलं कळकट, आणि त्यात माझ्या अशिलाच्या रोजच्या सह्या! कामावर परतला त्याच दिवशी तो पाळी संपवून थेट सुभानपुऱ्याला माझ्या घरी आला आणि मला कडकडून भेटला. माझ्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर तेलाचे दोन काळे पंजे उमटले. बायको अजून विचारते, "अहो, हा शर्ट एकदाचा धुऊ का?" मी म्हणतो, "खबरदार, पुरावा आहे तो!"