गावात भाडेकरू, वेशीवर मालक

भिंत बांधून खाली उतरलं, की पायाशी चुन्याचे गोळे सांडलेले दिसतात. बांधणारा म्हणतो, माझं काम झालं. मालक म्हणतो, मी कशाला झाडू? मग ते तिथंच वाळतात, आणि वर्षानं बघावं तर दगडासारखे घट्ट! पहार लावली तरी निघत नाहीत. भाड्याच्या खोल्यांचे किस्से माझ्याकडं असेच साठले. मी मुद्दाम एकही गोळा केला नाही.

मी गवंडी. नगरात सगळे मला मिस्त्री म्हणतात. तिसरीपर्यंत शाळेत गेलो, तेसुद्धा शाळेची भिंत पडली होती आणि बाप ती बांधत होता म्हणून. तेव्हा शुद्ध बोलणाऱ्यांनी पुढं वाचू नये. मी गावात भाडेकरू आणि पुणे रस्त्याला, केडगावच्या वाटेवर, चार खोल्यांचा मालक. म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाल्लेला माणूस. मला कुणी कायदा शिकवायचा नाही!

* * *

गावात मी बापूसाहेबांच्या घरात तळमजल्याला राहायचो. ते वर, आम्ही नवरा-बायको खाली. लग्न झालं तेव्हा खोली घेतली, तेव्हाचंच भाडं. कायदाच तसा होता, मालकाला वाढवता येत नव्हतं.

बापूसाहेब कचेरीतनं रिटायर झालेले, बायको वारलेली. एका एक तारखेला भाडं द्यायला वर गेलो, तर म्हणाले, "मिस्त्री, राहू द्या."

मला वाटलं, देवमाणूस! चहाच्या टपरीवर मोठ्या तोंडानं सांगितलं. तिथं आमचा वकील बसला होता. तो म्हणाला, "अरे वेड्या, न घेऊन तो तुला थकबाकीदार करतोय. थकलास की दावा टाकणार. मनिऑर्डर कर!"

झालं. दर महिन्याला मी पोस्टात जाऊन मनिऑर्डर करायची. पोस्टमननं सायकल हाणत यायचं, माझ्या दारावरनं सोळा पायऱ्या चढून वर जायचं. बापूसाहेबांनी 'घेण्यास नकार' असं लिहायचं. मग पोस्टमननं सोळा पायऱ्या उतरायच्या. वर एक चहा, खाली एक चहा.

एकदा दुपारी वरनं हाक आली, "मिस्त्री, मनिऑर्डर पाठवलीत ना?"

"परवाच पाठवली की!"

"मग हा पोस्टमन कुठं राहिला? केव्हाचा नाकारायला बसलोय. मला झोपायचंय!"

* * *

माझ्या चार खोल्या मी स्वतःच्या हातानं बांधल्या. दगड माझा, घाम माझा. चुना कालवताना आमची म्हातारी, म्हणजे बायको, पाणी ओतायची. नगरपालिकेच्या हद्दीचा दगड माझ्या शेवटच्या भिंतीपासून चार हात पलीकडं.

लोक म्हणाले, "मिस्त्री, थोडं सरकून बांधा, हद्दीबाहेर."

मी म्हणालो, "आन् नळ कोन दील? तुमचा आजा?"

नळासाठी हद्दीत बांधलं. नळाबरोबर भाड्याचा कायदा पण आला! चार हात पलीकडं असतो तर कुणी विचारलं नसतं. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला. नळ गेला, कायदा राहिला!

* * *

बापूसाहेबांचं छप्पर गळायला लागलं. वरचं गळून खाली माझ्या डोक्यावर. मला दुरुस्त करता येईना, कारण भाडेकरूनं बिनपरवानगी वीट हलवली तरी दावा! अर्ध्या नगरावर छप्पर घातलेला माणूस मी, आणि स्वतः परात धरून बसायचो.

एके दिवशी बापूसाहेब जिना उतरून आले. गुडघे दुखायचे त्यांचे, एकेका पायरीला 'राम' म्हणायचे. म्हणाले, "मिस्त्री, मी मालक म्हणून आलो नाही, गिऱ्हाईक म्हणून आलोय. छप्पर करून द्या. मजुरी रोख."

गेलो. मी कौलं बसवतोय, ते खाली खुर्ची टाकून बसलेत. बोलता बोलता म्हणाले, "भाडेकरू फार त्रास देतात हो."

मी वरनं म्हणालो, "काय इचारू नका, मालक! माझ्याकडं एक हाय सखाराम. पाथर्डीकडचा. खोलीला खिळा ठोकतो तरी मला न इचारता."

"अहो, माझा तर उलट भांडतो!"

"हाकलून द्या भाड्याला!"

असे तासभर आम्ही भाडेकरूंच्या नावानं खडे फोडले. चहा झाला. कामाचे पैसे देताना बापूसाहेब म्हणाले, "बरं वाटलं मिस्त्री, मन मोकळं झालं. आता खाली जा. बेलीफ येणार आहे, तुमच्यावर दावा टाकलाय."

* * *

दाव्यात लिहिलं होतं, याचे स्वतःचे चार खोल्यांचे घर झाले, तरी माझी खोली सोडत नाही. मला गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही, तळमजला हवा.

खोटं काहीच नव्हतं, हाच तर त्रास! पण माझ्या चारही खोल्या भरलेल्या. मी म्हातारीला घेऊन राहायचं कुठं, त्या हद्दीच्या दगडावर? वकील म्हणाला, "तू सखारामवर दावा टाक. स्वतःला राहायला खोली पाहिजे म्हण. शिवाय तो ऊसतोडीला जातो ना? सहा महिने खोली बंद असली की मालकाला परत मागता येते."

सखाराम एरवी दाणेबाजारात हमाली करायचा. दसरा झाला, की बायको-पोरं घेऊन टोळीबरोबर उसाच्या फडात. मी महिने मोजायला लागलो. चौथा गेला. पाचवा गेला. सहावा भरायच्या आत म्हटलं, कुलूप डोळ्यांनी बघून यावं.

जाऊन बघतो तर कुलूप नाही, आणि कौलांतनं धूर! आत शेजारची कासूबाई भाकऱ्या थापत बसलेली.

"कासूबाई, हितं काय करती?"

"चूल पेटती ठेवतीया. आमी पाळ्या लावल्यात. सोमवार माझा."

"ह्ये कुनी शिकवलं तुमाला?"

"तुमीच की! ओट्यावर बसून सांगितलं न्हाई का, मालकानं डोळा ठेवला तर भाडेकरूनं चूल इझू द्यायची न्हाई म्हून? बापूसाहेबांची गोष्ट सांगत हुता. सखाराम फुडंच बसल्ता."

कासूबाईनं भाकरी पुढं केली. "आलाच हाय तर खावा. गरम हाय, ठेचा बी हाय."

उन्हातनं चालत गेलो होतो. खाल्ली.

कोर्टात सखारामच्या वकिलानं मला पिंजऱ्यात विचारलं, "खोली सहा महिने बंद होती म्हणता?"

"व्हय! चिटपाखरू नव्हतं!"

"मग मार्चमधल्या त्या सोमवारी भाकरी कुठं खाल्लीत?"

* * *

दुष्काळाच्या सुरुवातीला बाजारतळावर भाडेकरूंची सभा झाली. पुण्याहून एक झोळीवाला तरुण आला होता. मांडवाच्या तोंडाशी कार्यकर्ता विचारत होता, "भाडेकरू का मालक?" भाडेकरूंना पुढं, मालकांना मागं.

मी म्हणालो, "दोन्ही."

त्यानं मला मधल्या खांबाला टेकवून बसवलं.

पाव्हणा जोरात बोलला. "अन्न, वस्त्र तसंच घर! घर हा माणसाचा हक्क आहे!" मी टाळ्या वाजवल्या. दुष्काळातसुद्धा अंगावर मूठभर मांस चढलं. मग तो म्हणाला, "मालकांची मक्तेदारी मोडून काढू!" मी हात मांडीखाली घातले.

पुढं सखाराम बसला होता. वळून म्हणाला, "मिस्त्री, टाळ्या का थांबल्या?"

"अर्ध्या भाषणाच्या वाजवल्या. उरलेलं अर्धं माझ्यावर हाय!"

मग मला राहवेना. उभा राहिलो. "साहेब, हक्काचं घर म्हणता. बांधायचं कुनी?"

"सरकारनं!"

"सरकारला भिंतीला ओळंबा धरता येतो व्हय?"

लोक हसले. पाव्हणाही हसला आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. मी कॉलर ताठ करून घरी आलो. म्हातारी भाकरी करत होती. म्हटलं, "सभा जिंकली. तुला तरी कळतं का, हक्काचं घर म्हंजी काय ते?"

तिनं हात न थांबवता सांगितलं, "जितनं कुनी ऊठ म्हनत न्हाई, ते."

"मंग आपलं कंचं?"

"आपलं कुटं हाय? बापूसाब ऊठ म्हनत्यात की."

"आन् सखारामचं?"

"त्ये मला काय इचारता! त्येला ऊठ कोन म्हनतंय?"

त्या दिवशी भाकरी जरा करपली होती. तशीच खाल्ली.

* * *

दुष्काळ वाढला. ऊसच नाही तर तोड कसली? दाणेबाजारात दाणे नाहीत तर हमाली कसली? सखाराम दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागला. एकदा खोल्यांवर गेलो, तर त्याच्या दारात ढीगभर चपला. दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं!

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? खोलीत दुसऱ्यांना भाड्यानं ठेवलं तर कायद्यानं भाडेकरूला काढता येतं.

"सखाराम, ही कोन?"

"भाऊ हाय, भावजय हाय, त्येंची पोरं. पाव्हणे."

"भाडं घेतोस त्यांच्याकडनं?"

"भावाकडनं? मिस्त्री, त्यानं बैल सोडून दिलं मोकळं. हिरीत थेंब न्हाई."

"किती दिवस ऱ्हानार?"

"पाऊस पडंस्तंवर."

"ही काय मुदत झाली? कोर्टात सांगू काय मी?"

घरी येऊन म्हातारीला म्हणालो, "उद्या वकिलाकडं जातो. नऊ माणसं भरल्यात. पाऊस पडेपर्यंत ऱ्हानार म्हणतो."

ती म्हणाली, "मंग पावसावर टाका दावा!"

* * *

आता शेवटचा सांगतो आणि बस.

उन्हाळ्यात दोन्ही दाव्यांची तारीख एकाच दिवशी लागली, एकाच जज्जसाहेबांपुढं. सकाळी बापूसाहेबांचा माझ्यावर, जेवणानंतर माझा सखारामवर. वकील मी एकच केला होता. त्यानं कागद उलटे करून ठेवले एवढंच.

सकाळी पिंजऱ्यात उभा राहिलो आणि दणकावून बोललो. "साहेब, मानसाला छप्पर पायजे. ह्यो कायदा म्हंजी गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर हाय. मालकाचं काय, त्येला आज ना उद्या दुसरी सोय गावंल!"

जेवणानंतर परत उभा राहिलो. तितकंच दणकावून बोललो. "साहेब, दगड माझा, घाम माझा. ह्यो कायदा म्हंजी मालकाच्या छातीवरचा धोंडा हाय. भाडेकरूचं काय, त्येला आज ना उद्या दुसरी सोय गावंल!"

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. "बाबा, सकाळी इथं तुमच्यासारखाच एक माणूस येऊन गेला. फार चांगलं बोलला."

"त्यो मीच, साहेब."

"हो का? मग त्याला तुमचं उत्तर काय?"

सगळं कोर्ट हसलं. शिपाईसुद्धा! मी इकडं तिकडं बघितलं. बाकावर बापूसाहेब गुडघे चोळत बसले होते, माझा दुसरा दावा बघायला थांबलेले. समोरच्या पिंजऱ्यात सखाराम. खडी फोडून त्याच्या बोटांच्या चिंध्या झालेल्या. आम्ही गवंडी माणसाकडं बघताना आधी हात बघतो.

मी म्हणालो, "साहेब, सकाळचं आधी मिटवू. बापूसाहेबांना तळमजला पायजे ना? त्यांनी खाली यावं, मी वर जातो. भाडं त्येच, घर त्येच. निसती माणसं खालची वर."

बापूसाहेब उठून उभे राहिले. "मिस्त्री, सोळा पायऱ्या आहेत. या वयात चढाल?"

"जन्म शिडीवर गेला माझा! तुमीच काय त्ये 'राम राम' करत चढता."

"आणि भाडं?"

"मनिऑर्डरनं पाठवू का हातात देऊ?"

बापूसाहेब खाली बसले. "मनिऑर्डरच बरी," म्हणाले. "पोस्टमनची सवय झालीय."

वकिलांनी तिथंच तडजोड लिहिली. बापूसाहेबांनी सही केली, मी अंगठ्याऐवजी नाव काढलं. तिसरी कामाला आली!

मग जज्जसाहेब म्हणाले, "बाबा, आता तुमची राहायची सोय झाली. सखारामची खोली कशाला हवी? दावा काढून घेता?"

"काढून कसा घेऊ, साहेब? खोली माझी हाय."

"मग चालवू?"

सखाराम माझ्याकडं बघत होता. दारात त्याचा भाऊ उभा होता, पोरगी कडेवर घेऊन.

"नगं," मी म्हणालो.

"काढायचा नाही, चालवायचा नाही. मग मी काय करू?"

"तारीख द्या, साहेब."

"कधीची?"

"पाऊस पडंल त्या दिसाची."

जज्जसाहेबांनी खिडकीतनं वर बघितलं. आभाळ चुना मारल्यागत पांढरंफटक.

"ती तारीख माझ्याकडं नाही, बाबा."

"माझ्याकडं बी न्हाई, साहेब. म्हणून तर मागतोय!"