पाठ टेकण्याआधीचा बार

"कान झाका रे! म्हातारे खाली बसा! गाभण म्हशी वड्याच्या पलीकडं न्या! वात लावायलोय!"

चन्नप्पा असा ओरडला की अर्ध्या गावाला बार होऊन गेल्यासारखंच वाटायचं. मग खरा बार व्हायचा. हळ्ळीखेडात वाळत घातलेल्या पापड्या उडायच्या, निर्ण्यात झोळीतली लेकरं रडत उठायची, आणि बिदरच्या किल्ल्यावरची ती थोरली तोफ म्हणे लाजेनं तोंड फिरवून बसायची. ह्यातलं पापड्यांचं खरं आहे. बाकीचं मी गेली तीस वर्षं आमच्या जत्रेत कुस्त्यांचा माईक धरून सांगत आलोय, त्यामुळं आता तेही खरंच झालंय.

चन्नप्पाकडं तोफ नव्हती, उखळी होती. वीतभर उंचीचा जाड लोखंडी नळा, बुडाशी बंद. त्यात काळी दारू भरायची, वर विटेचा चुरा ठासायचा, बाजूच्या बारीक भोकात वात घालायची आणि लांब काठीच्या टोकाला पेटता काकडा बांधून ती पेटवायची. चाळीस वर्षं हे करून त्याचे कान पार गेले होते. स्वतःला ऐकू यावं म्हणून तो सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. जेवताना बायकोला मीठ मागितलं तर शेजारच्या तीन घरांतून मीठ यायचं.

जत्रेच्या सकाळी पालखीपुढं हलगी सुरू झाली की चन्नप्पा चपला काढून ठेवायचा. मी एकदा विचारलं, "अण्णा, ऊन केवढं हाय, अनवाणी कामून?"

"कान गेले म्हणून काय झालं रे भोंग्या! तळपाय हायेत की! हलगी जमिनीतनं येतीया!"

भोंग्या म्हणजे मी. आणि खरंच, हलगीवाल्याची काडी जिथं क्षणभर थांबायची, नेमका तिथं चन्नप्पाचा बार पडायचा. अर्धा ताल कातड्याचा, अर्धा लोखंडाचा. हलगीवाले लांबलांबच्या गावांहून यायचे, पण उखळी दुसऱ्या कुणाची असली तर वाजवताना चाचपडायचे.

पण त्याची खरी कीर्ती संध्याकाळच्या कुस्त्यांतली. नारळाच्या कुस्त्या संपत, मोठ्या जोड्या लागत, आणि शेवटी चांदीच्या कड्याची कुस्ती. ती निकाली झाली की उखळीचा बार. सगळीकडं रीत अशी की पाठ लागली, पंचानं हात वर केला, मग वात पेटवायची. चन्नप्पाला ते मान्य नव्हतं. "पाठ टेकल्यावर वात लावायची म्हंजे जेवणं उरकल्यावर वाजंत्री बोलवायची!" असं तो म्हणायचा. त्याच्या वातीला जळायला एक 'ओम नमः शिवाय' लागायचं. म्हणजे पाठ लागायच्या तेवढं आधी त्यानं ओळखायला हवं, की आता हा जातोय. तो पैलवानाचं तोंड बघायचा नाही. "तोंड खोटं बोलतंय. पाठ बघायची, पाठ. पडायच्या आधी पाठीला कळतंय." आणि पाठ मातीला टेकली की त्याच क्षणी बार! लोकांना वाटायचं, पैलवान पडला म्हणूनच धरणी हादरली. कुस्त्यांचा बार त्याच्याकडं आल्यापासून बावीस वर्षांत त्याची वात एकदाही चुकली नाही. हे मी फुगवून सांगत नाही. माझ्यासारख्याला फुगवायला इथं जागाच नव्हती.

त्याचा एकुलता एक लेक शरणू पैलवान झाला. चन्नप्पानं त्याला म्हशीचं दूध पाजलं, बदाम चारले, आळंदच्या तालमीत ठेवलं. मी माईकवर सांगायचो की शरणूच्या जोर-बैठकांनी तालमीतला कुस्तीच्या मातीचा हौद दोन हात खाली गेलाय. अकरा वर्षांपूर्वी जत्रेत कड्याची कुस्ती शरणूची लागली. समोर सोलापूरकडचा एक जोडीदार. पंचकमिटीनं चन्नप्पाला म्हटलं, "अण्णा, आज बार दुसऱ्या कुणाला काढू द्या. तुमचं लेकरू हाय." तो एवढा भडकला की मंडपाच्या कनाती हलल्या. "लेकरू घरात! हौदात फक्त पाठ हाय!"

अर्धा तास कुस्ती चालली. मग त्या सोलापूरवाल्यानं ढाकेचा डाव टाकला. शरणू हवेत फिरला आणि उतरताना डोकं आणि टाचा मातीत रोवून त्यानं पाठ वर उचलून धरली. पैलवान त्याला पूल म्हणतात. छाती आभाळाकडं, पाठ मातीपासून चार बोटं वर. हजारभर माणसांनी श्वास रोखला. आणि पाठ अजून वर असतानाच बार झाला.

त्या आवाजाचा अर्थ शरणूला पाळण्यातच कळला होता. संपलं, असा. त्याचं अंग सैल पडलं. पाठ टेकली. पंचानं हात वर केला. आणि मी, कर्णा लावलेला शहाणा, सवयीनं ओरडलो, "चितपट!"

बावीस वर्षांत पहिल्यांदा बार आधी झाला आणि पाठ मागनं टेकली.

शरणूनं अंगावरची माती झटकली नाही. तसाच घरी गेला, आठवड्यानं कलबुर्गीला डाळमिलमध्ये कामाला लागला. पुन्हा लंगोट बांधला नाही. सणाला यायचा, बापाला नमस्कार करायचा, जेवायचा, जायचा. भांडण नाही, की वाकडा शब्द नाही. दोघं एका ताटलीतले शेंगदाणे खात तासभर गप्प बसत. चन्नप्पाच्या घरात शांतता, ह्याच्यापेक्षा भयंकर गोष्ट मी ऐकलेली नाही.

चन्नप्पानं उखळी दाराशी तोंड खाली करून जमिनीत गाडली आणि तिला शेळी बांधली. गावातली क्रिकेटवाली पोरं एकदा आली. "आज्जा, फायनल हाय, जिंकलो की एक बार काढा!"

"त्यात पाठ कुठं लागतीया?" म्हातारा म्हणाला. पोरांनी सुतळीबाँब लावले.

मात्र एक प्रश्न तो सगळ्यांना विचारायचा. "त्यो पुलावरनं उठला असता का न्हाई?" म्हणजे आपण पाठ बरोबर वाचली होती, की उठणाऱ्या लेकराला आपणच पाडलं? त्यानं पंचांना विचारलं. सोलापूरला जाऊन त्या जोडीदाराला विचारलं, तो पाया पडला, पण म्हणाला, "मामा, मी वर होतो, मला खालचं कसं दिसणार?" कुस्तीचं मोबाइलवर चित्रण होतं, एकाचं नाही, चाळीस जणांचं. पण बार झाला की धरणाऱ्याचा हात उडतोच. चाळीसही मोबाइलांत नेमक्या त्या क्षणी लिंबाचं झाड दिसत होतं. चन्नप्पानं ते झाड शेकडो वेळा बघितलं. तेलाच्या घाण्यावर, मठात, दवाखान्याच्या रांगेत, ओळख ना पाळख अशा माणसालाही तो ओरडून विचारायचा. लोक हसत. मग हसायचे बंद झाले.

मलाही विचारायचा, दर सोमवारच्या बाजारात. मी जन्मभर माईकवर बिनदिक्कत खोटं बोललो. पण ह्या प्रश्नापुढं माझं खोटं चालायचं नाही. उठला असता म्हणावं तर बापाचा गुन्हा. पडला असता म्हणावं तर तो माझा चेहरा निरखायचा आणि म्हणायचा, "तू तोंडानं बोलायलास. तुझी पाठ बघू दे."

गेल्या माघात तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याचा आवाजही गेला. ओठ हलायचे, काय विचारतोय ते कळायला आवाज लागत नव्हता. तो गेल्यावर शरणू आला, त्यानं बापाचं अंग पुसलं, कपाळाला विभूती लावली, लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली. खड्ड्यात उतरून बापाला दोन्ही हातांनी धरून बसवणारा तो एकटाच होता. एवढी ताकद दुसऱ्या कुणाच्या अंगात नव्हती. त्या दिवशी एकही बार झाला नाही. काढणारं कुणी राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शरणू फाट्यावर कलबुर्गीच्या बसची वाट बघत उभा होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. राहवलं नाही.

"शरणू, एक विचारू? रागवू नको. त्या दिवशी, पुलावर..."

"गेलो होतो काका," तो म्हणाला. "खांदा निसटला होता. बार झाला नसता तरी पाठ लागलीच असती. अप्पानी बरोबर बघितलं होतं."

मी त्याचा दंडच धरला. "अरे मग सांगायचं की रे त्याला! अकरा वर्षं म्हाताऱ्यानं सगळा मुलूख पालथा घातला, येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं!"

बस थांबली. शरणूनं पिशवी खांद्यावर घेतली.

"मला न्हाई इचारलं," तो म्हणाला.