कासवाची फेरतपासणी

"दोन? दहापैकी दोन? अहो बाई, दोन तर तुम्ही कोऱ्या पानाला पण द्याल!"

"कोऱ्या पानाला मी शून्य देते. शाळेतही तेच द्यायचे. तुझ्या कासवाला दोन दिले ते चित्र नीट काढलंय म्हणून."

"चार वेळा जिंकलोय मी या कासवावर! याच वर्षात!"

"उत्तर बरोबर आलं म्हणून रीत बरोबर होत नाही, अपूर्व. मांडणी चुकलेली आणि उत्तर जुळलेली पोरं मी ढिगाने पाहिलीत. शेजारच्या बाकावरून जुळवतात."

"म्हणजे मी कॉपी केली?"

"मी तसं म्हटलं का? ऋजुता, तू सांग. म्हटलं का मी तसं?"

ऋजुताने चहाच्या कपात तोंड खुपसलं. या भांडणात साक्ष द्यायची तिची अजिबात इच्छा नव्हती.

डोंबिवली पूर्वेतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये, दिवाळीनंतरच्या रविवारी, हे चाललं होतं. टेबलाच्या एका बाजूला उत्तरा भाटवडेकर, वय पासष्ट, गणिताच्या निवृत्त शिक्षिका, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दुसऱ्या बाजूला विठ्ठलवाडीहून आलेला अपूर्व, वय सव्वीस, केस उभे आणि आवाज त्याहून उभा. आणि दोघांच्या मध्ये, प्लास्टिकच्या पाकिटात, हिरव्या पाठीचं एक कासव.

खेळ परदेशी. चित्रांची कार्डं, साठ कार्डांचा एक डेक, दोघं समोरासमोर. दोघांनाही सुरुवातीला वीस लाईफ. आपली कार्डं मांडायची, समोरच्याचे लाईफ शून्यावर आणायचे. दर तीन-चार महिन्यांनी नवा सेट येतो, त्यात शेकड्यांनी नवी कार्डं. सेट बाजारात यायच्या आधीच त्यांची चित्रं इंटरनेटवर येतात आणि मग जगभरचे खेळणारे भाकितं करत सुटतात, की हे कार्ड गाजणार, ते रद्दीत जाणार.

डोंबिवलीत ते काम उत्तराबाई करत. तिथे खेळणारी ऋजुता सगळी चित्रं छापून आणायची आणि बाई लाल पेन घेऊन प्रत्येकाला दहापैकी मार्क द्यायच्या. समासात शेरेही असायचे. 'दिसायला शूर, कामाला कच्चे.' 'कष्ट जास्त, फळ कमी.' 'हुशार, पण एकटे पडेल.' इंग्रजी नावं बाईंनी पहिल्याच महिन्यात मोडीत काढली होती. त्यामुळे इथली पोरं 'राखेचा घोडा' खेळायची, 'दिवेवाली' खेळायची. कल्याणहून कोणी नवा मुलगा आला की पहिला अर्धा तास तो भांबावलेला असे.

बाई यात आल्या कशा, तर खोकं परत करायला. भाचा स्वानंद नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि कार्डांचं खोकं मावशीकडे टाकून गेला. "हॉलवर रविवारी पोरं जमतात, त्यांना दे." बाईंना निवृत्त होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. वर्षभर जो भेटेल तो म्हणत होता, "आता काय, आराम करा!" आणि आराम या शब्दाने बाईंचं डोकं दुखायला लागलं होतं. खोकं घेऊन त्या हॉलवर पोचल्या तेव्हा दोन मुलं तावातावाने भांडत होती. साठ कार्डांत अमुक एक कार्ड चार वेळा घातलं तर पहिल्या सात कार्डांत ते हाताला लागण्याची शक्यता किती? एक म्हणे निम्मी, दुसरा म्हणे पाव. बाईंनी खोकं खाली ठेवलं. "कागद आहे का रे कोणाकडे?"

त्या दिवशी त्या संध्याकाळपर्यंत थांबल्या. त्याला आता सहा वर्षं होत आली.

वर्षातून एकदा, दिवाळीनंतरच्या रविवारी, फेरतपासणी. वर्षभराचे जुने पेपर टेबलावर काढायचे, आधी काय म्हटलं होतं आणि नंतर काय झालं ते वाचायचं. मघाशी तेच चाललं होतं आणि हसून हसून सगळ्यांची पोटं दुखत होती.

"राखेचा घोडा, बाईंचे मार्क तीन," ऋजुता वाचत होती. "आणि साकेतदादा काय म्हणालेला? 'घोडा ज्याच्याकडे, वर्ष त्याचं.'"

"अरे यार, ते सोड ना," वर्तकनगरचा साकेत म्हणाला. चाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला, मनाने राजा. त्याचं एकही भाकीत आजवर खरं झालं नव्हतं.

"सोड कसं? पुढचं ऐका. सात तोंडांचा सरडा. बाई, चार. साकेतदादा, 'कंपनी दोन महिन्यांत यावर बंदी घालणार, लिहून घ्या.'"

"बंदी कशाला घालतील? तो सरडा टेबलावर येईपर्यंत समोरचा कटिंग पिऊन येतो!" मागून कोणीतरी ओरडलं.

"आणि दिवेवाली. बाई, नऊ. सगळे हसलेले. आज प्रत्येकाच्या डेकमध्ये आहे."

बाई हसल्या नाहीत, पण चष्मा पुसला. चष्मा पुसणं म्हणजे त्यांचं टाळ्या घेणं होतं. आणि नेमकं तेव्हाच अपूर्वने कासव टेबलावर आपटलं. "आता याचं वाचा."

शेवाळी कासव. मार्क दोन. शेरा, 'कोणाचे वाईट करत नाही. कोणाचे चांगलेही नाही.' कासव खरोखर कोणालाच मारत नाही. दर खेळीला मालकाचे दोन लाईफ तेवढे वाढवतं आणि बसून राहतं.

"बाई, मला मार्क वाढवून हवेत," अपूर्व म्हणाला.

साकेतने त्याच्या पायावर पाय दिला. ऋजुताने डोळे वटारले. अपूर्वला कळेना. तो याच वर्षी आलेला, त्याला ठाऊक नव्हतं. बाकी सगळ्यांना ठाऊक होतं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत उत्तरा भाटवडेकरांनी दिलेला एकही मार्क फेरतपासणीत बदलला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत त्यांनी एकदा सांगून ठेवलं होतं, "ज्या दिवशी बदलेल त्या दिवशी मी लाल पेन खाली ठेवीन." हॉलवर पहिले मार्क दिले तेव्हाही त्यांनी तेच बजावलं होतं. आणि बाई म्हणजे बाई. पेन खाली ठेवीन म्हटलं की ठेवणार.

ते बाईंनाही ठाऊक होतं. एका कासवासाठी त्या इतक्या का भांडतायत, हे त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि उत्तर आलं ते त्यांना आवडलं नाही. पेन गेलं की रविवार जाणार. रविवार गेला की आराम.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "प्रात्यक्षिक घेऊ. तू कासव घेऊन बस, मी माझा डेक घेते. आपले नेहमीचे नियम. ऋजुता, घड्याळ लाव."

पस्तीस मिनिटं लावली. सगळे भोवती जमले.

बाई सुरेख खेळल्या. दिवेवाली मांडली, तिच्या उजेडात दोन राक्षस उभे केले, मग तिसरा. अपूर्वच्या बाजूला उंदीर, घुबडं आणि एक भिंत; राक्षस उभे राहीपर्यंत कासवाने त्याचे लाईफ तिसावर नेले होते आणि घुबडांनी बाईंचे चार टिपले होते. दर खेळीला बाई त्याचे चार-पाच लाईफ उडवत आणि दर खेळीला कासव शांतपणे दोन परत आणून देई.

"बाई, तुमचे राक्षस दमले असतील. पाणी देऊ?"

"तोंड बंद, खेळावर लक्ष. तुझं ते कासव काही तुला वाचवत नाही. फक्त तुझं मरण लांबवतंय."

"लांबवू दे ना. कुठे घाई आहे?"

"दर खेळीला तुझे दोन-तीन कमी होतायत. गणित सरळ आहे, बाळ. तू हरणारच."

"कधी?"

फोन किणकिणला. वेळ संपली. बाईंचे लाईफ सोळा, अपूर्वचे अठरा. इथला नियम असा, की वेळ संपली तर ज्याचे लाईफ जास्त तो जिंकला.

"पाच!" अपूर्व नाचलाच. "पाच वेळा!"

"ए, थांब. याला काय जिंकणं म्हणतात? अजून दहा मिनिटं दे, नाही तुला झोपवलं तर बघ."

"नाहीयेत बाई, दहा मिनिटं."

"का नाहीत? सगळ्या जगात पन्नास मिनिटांचा राऊंड असतो! त्या हिशेबानेच मी मार्क दिलेत. पन्नास मिनिटांत हे कासव कुठेही टिकत नाही. आपल्याकडेच हे पस्तिसाचं खूळ कोणी काढलं?"

साकेतने छताकडे पाहिलं.

दार उघडलं. आधी पेटी आत आली, मग टाळांची पिशवी आणि मागोमाग शेवंतीताई. सोसायटीच्या भजनी मंडळाच्या प्रमुख. रत्नागिरीकडच्या, बाईंच्या मजल्यावरच्या, तीस वर्षांच्या शेजारीण.

"उत्तरा, सहा वाजले गो. उचला तुमचे पत्ते."

"पत्ते नव्हेत ते. आणि दहा मिनिटं थांब जरा, शेवंती."

"दहा? एक मिनिट नाही थांबायची. तूच माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून शब्द दिलायस. 'शेवंती, पोरांना हॉल मिळू दे, दोन ते सहा. सहाला हॉल रिकामा नाही झाला तर नाव बदलेन मी.' सहा राऊंड आणि मधला चहा बसवायला तूच तर गणित केलंस माझ्या कॅलेंडरच्या मागे. एकेक पस्तीस मिनिटांचा."

पिशवीतला टाळ टाळावर घसरून वाजला.

बाई कासवाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला, मग दुसरा, आणि मग त्या अशा हसल्या की चष्मा टेबलावर पडला.

"अरे देवा. प्रश्नपत्रिकेच्या वरच लिहिलेली असते वेळ. बत्तीस वर्षं पोरांना सांगत आले, आधी वेळ वाचा. आणि इथे पेपर मीच काढला, वेळ मीच घातली, आणि तपासायला बसले ते अमेरिकेच्या घड्याळाने!"

"म्हणजे बाई..."

"म्हणजे डोंबिवलीत हे कासव वाघ आहे." त्यांनी जुना पेपर ओढला, दोनावर काट मारली आणि शेजारी आठ लिहिले. खाली सही. मग लाल पेनाला टोपण घातलं आणि ते टेबलाच्या मध्यभागी ठेवलं, इतकं हळू की आवाजही झाला नाही.

"बाई, नको ना," ऋजुता म्हणाली.

"काय नको? काय झालं?" अपूर्व सगळ्यांकडे बघायला लागला. साकेतने त्याच्या कानात सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला. "अहो बाई, मला काय माहीत! दोनच ठेवा! शून्य द्या, चालेल मला!"

"दिलेले मार्क कोणाच्या रडण्यावर बदलत नाहीत. आठ म्हणजे आठ. शब्द म्हणजे शब्द. चला, उचला, मंडळाला बसू द्या."

मागोमाग आलेल्या मंडळाच्या बायकांनी सतरंजी उलगडली. बाईंनी पर्स घेतली, दाराशी जाऊन एक चप्पल पायात घातली. पाठीमागे पोरं कार्डं गोळा करत होती.

"मग पुढच्या सेटचं काय?" अपूर्वने दबक्या आवाजात विचारलं. "पुढच्या महिन्यात येतोय."

"टेन्शन नको," साकेत म्हणाला. "मी देतो ना मार्क. पेपर आहे का छापलेला? दे इकडे. हां, हे बघ पहिलंच. बर्फाचा पूल. काय कार्ड आहे यार! प्रत्येकाला तीन-तीन कार्डं फुकट उचलायला देतो. नऊ!"

दाराशी दुसऱ्या चपलेत जाणारा पाय थांबला.

"प्रत्येकाला?" बाईंनी वळून विचारलं. "म्हणजे समोरच्यालाही?"

"हो, पण आपल्याला पण मिळतात ना तीन! नऊ कमीच झाले. साडेनऊ देऊया का? बाई, बरोबर ना?"

बाई एका चपलेनिशी, फट फट करत, सतरंजीच्या कडेकडेने परत आल्या. शेवंतीताई "अगो, चप्पल!" म्हणून ओरडल्या. बाईंनी साकेतच्या हातातला पेपर ओढून घेतला. टेबलावरचं लाल पेन उचललं. दोन्ही पर्समध्ये टाकून चेन लावली.

"बाई!" अपूर्व उठून उभा राहिला. "म्हणजे तुम्हीच देणार ना मार्क? बाई? सांगा ना!"

बाईंनी दाराशी दुसरी चप्पल पायात सरकवली आणि जिना उतरायला लागल्या.