बाभळीच्या दोन काड्या

नोकरीत पुष्कळ गुन्हे तपासले. मनातून जात नाही तो एकच, आणि तो निवृत्तीनंतरचा.

शिक्षण सातवी. शिपाई म्हणून लागलो, फौजदार होऊन घरी बसलो. बायको गेली त्या वर्षी मुलाने मला सौदीला नेलं. तो तिथे इंजिनिअर. सुट्टीत मुलगा, मी आणि गाडीचा ड्रायव्हर असे तिघे ताइफच्या पलीकडच्या राखीव रानात तंबू ठोकून राहिलो. खडक, वाळू, मधूनच बाभळी. आपल्या माणदेशासारखंच.

सकाळी चहा उकळतोय तोवर वनरक्षक जीप घेऊन हजर. मेंढपाळाने खबर दिलेली : तंबूवाल्यांनी ओली बाभूळ तोडली. तिथे तो गुन्हा. गाडीची झडती झाली, विकतच्या सरपणाखाली कुऱ्हाड निघाली. कुऱ्हाड ड्रायव्हरची. माणूस बिहारचा. कफिलाने, म्हणजे त्याला तिथे कामावर आणणाऱ्या मालकाने, आधीच बजावलेलं, आणखी एक तक्रार आली की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, रद्द, घरी रवानगी.

वनरक्षकाने त्याला फिरवून फिरवून विचारलं. त्याचं एकच, मैंने नहीं काटा. खोटं बोलणारा दर वेळी गोष्ट सजवतो. हा सजवत नव्हता.

मी मुलाला म्हटलं, "घटनास्थळ दाखवायला सांग."

तंबूमागे गेलो. झाड जागेवर उभं. छातीइतक्या उंचीवर दोन कोवळ्या काड्या मोडलेल्या, साल खालपर्यंत सोलत गेलेली. कुऱ्हाडीचा घाव असा नसतो, हे हाताने पिरगळलेलं. बुंध्याशी माझ्याच चपलांचे ठसे. मी आख्खं झाड तोडलेलं शोधत होतो, आणि पहाटे दातण मोडलं होतं मीच. जन्माची सवय. ती गुन्ह्यात बसेल हे डोक्यातही आलं नाही.

मुलाने ते आधीच ओळखलं होतं. हळूच म्हणाला, "बाबा, गप्प राहा. तुम्ही व्हिजिट व्हिसावर आहात. त्याचं मी बघतो."

"काय बघतोस? त्याची नोकरी जाताना?"

खिशातून काड्या काढून वनरक्षकापुढे धरल्या. जबाब दिला, मुलाला शब्दन्‌शब्द अरबीत सांगायला लावला. एक काडी चावलेली, एक कोरी. वनरक्षकाने विचारलं, दोन कशाला?

"एक बायकोची. रोज तिची मीच मोडायचो. ती गेली, हाताला अजून कळलेलं नाही."

मुलगा सांगता सांगता अडला. मग खाली बघून पुरं केलं.

वनरक्षकाने ड्रायव्हरला सोडलं, मला समज देऊन नोंद केली. हजार जबाब घेतले, पण द्यायला किती जोर लागतो ते त्या दिवशी कळलं. समोर उभ्या केलेल्या कितीजणांना तो जोर यायला मी वेळच दिला नसेल.

चावलेली काडी त्याने मुद्देमाल म्हणून ठेवली. कोरी माझ्या हातात परत दिली.