वैनीचा टाइम

मीटरच्या काचेवर नखानं दोनदा टकटक करायची आणि कान लावून बसायचं. गाडी कुणाचीही असो, मिस्त्रीची सुरुवात हीच. मग म्हणायचा, "आधी सापडू दे. मंग बदलू."

असा एखादा मिस्त्री तुम्हीही पाहिला असेल. मी तरी दुसरा पाहिला न्हाई. बाकीचे आधी नवा माल टाकायचे आणि मग बघायचे.

जालन्यात मस्तगडला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. सत्तर सालानंतरची गोष्ट. मी एका मालकाची जुनी जीप चालवायचो. सकाळी तीर्थपुरीला जायचं, संध्याकाळी दिवे लावून परत. मालक जीपमध्ये डोकं घालून पेट्रोलचा काटा बघायचा, मग मी जीप घरी न्यायचो. एक दिवस काटा एकदम पाव टाकीवर. दुसऱ्या दिवशीही तसाच.

"पेट्रोल कुठं विकून राह्यला?" मालकानं विचारलं.

सकाळी तो माझ्या दारात आला. काटा परत वर. मला वाटलं, सुटलो.

"रातच्याला घाबरून परत आणून टाकलं," मालक म्हणाला. "चोर बी हायेस अन् भेकड बी. रविवारपर्यंत कबूल कर, न्हाई तर चावी ठेव. तवर गाडी बंद."

हे बायकोसमोर. तिची भाकरी तव्यावर करपली, ती हलली न्हाई. आमच्या जातीच्या लोकांना चोर म्हणायला पुरावा लागत नव्हता.

आम्ही ड्रायव्हर लोक काट्याकडं बघतच नव्हतो. खुणा केलेली बांबूची काठी टाकीत घालायचो. मी ती काठी दाखवली, तर मालक म्हणाला, "काठी तुझी, खुणा बी तुझ्याच."

जीप मिस्त्रीकडं नेली, त्याला सगळं सांगितलं. "काटा चोर का डायवर चोर, बघू," म्हणाला. हसला मात्र न्हाई.

पहिल्या दिवशी त्यानं टाकीवरची वायर काढून जीपच्या पत्र्याला टेकवली. काटा सरळ वर गेला. "मीटर बराबर." दुसऱ्या दिवशी टाकीत पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट काढून हातानं वरखाली केला. काटा मागोमाग. "ह्ये बी बराबर." तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डखाली उताणा पडून दुपारभर एकेक वायर तपासली. डोळ्यात घाम.

मी कंटाळून म्हणालो, "मिस्त्री, नवा मीटर टाकू."

"नवा टाकला अन् बराबर झालं, तर शेठ म्हणंल, चोरी थांबली. सापडलंच पाहिजे."

त्याच्या दुकानात लाइट नव्हती. दिवस असेपर्यंतच काम.

शनिवारी दुपारी बायको भाकरी घेऊन आल्ती. ती गाठोडं ठेवून म्हणाली, "भाऊ, मालक काटा दिवेलागणीलाच बघतो. सकाळी तर बराबर असतो. अन् तुम्ही दोघं भर उन्हात हुडकून राह्यले."

मिस्त्री उठला. मग जीपमध्ये चढला आणि दिव्याचं बटन ओढलं. काटा झोप आल्यासारखा खाली बसला. बटन आत ढकललं, काटा वर.

त्यानं कपाळावर हात मारला. "वैनी, तीन दिस मी गाढव!"

मागच्या दिव्याची आणि टाकीची अर्थिंगची वायर एकाच बोल्टाला होती. बोल्ट गंजून लाल. दिवे लावले की करंट तिथं अडायचा आणि काटा खोटं बोलायचा. घासायला पाच मिनिटं. मी पॉलिश पेपर दिला, त्यानं घेतला न्हाई.

"आज न्हाई. आधी शेठला बघू दे."

रविवारी त्यानं मालकाच्याच हातानं बटन ओढवलं. तीनदा. मग त्याच्यासमोर बोल्ट घासला. आता दिवे लावले तरी काटा जागचा हलंना.

"बरं, लाग कामाला," मालक मला म्हणाला.

मिस्त्रीनं जीपची चावी स्वतःच्या खिशात टाकली. "शेठ, चोर म्हणालात वैनीच्या दारात. न्हाई म्हणायचं ते बी तिथंच."

मालक आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "माझी चूक झाली."

बायकोनं तांब्या पुढं केला. "पाणी घ्या."

आमच्या घरचं पाणी. मालक जरा थांबला. मिस्त्री खिशातली चावी वाजवत त्याच्याकडं बघत होता. मग मालक प्याला.

त्यानंतर मिस्त्रीनं दुकान दिवस बुडायच्या आत कधी बंद केलं न्हाई. गाडी नीट झाली तरी सोडायचा न्हाई. "थांब, वैनीचा टाइम होऊ दे." अंधार पडला की दिवे लावून काटे बघायचा, मगच चावी द्यायचा. गल्लीतले सगळे ड्रायव्हर दिवेलागणीला वैनीचा टाइम म्हणायला लागले. वैनी कोण, हे त्यातल्या कितीकांना माहीत नव्हतं. घरी सांगितलं की ती पदर तोंडाला लावून हसायची.

मिस्त्री जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या जागी आता पक्कं दुकान आहे, तिथं त्याला कुणी ओळखत न्हाई. बायको मागच्या साली गेली.

दिवेलागणीला घरात कुणी नसतं. भिंतीवर तिचा फोटो आहे. त्याच्या काचेवर मी नखानं दोनदा टकटक करतो, जरा कान लावतो. मग उठून लाइट लावतो.