ओल्या दगडावरची खूण

दगडाला भोक पाडताना एक वास येतो. पाण्यात बुडवलेल्या गारगोटीवर फिरती सुई टेकली की आधी बारीक किणकिणाट उठतो, मग पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि त्या दुधातून जळल्यासारखा, तरीही थंड असा वास वर येतो. भिलाईच्या हवेत वासांची उणीव कधीच नव्हती. कोळसा भाजणाऱ्या कोक ओव्हनच्या बाजूने वारा सुटला की वाळत घातलेल्या कपड्यांना डांबराचा दर्प चिकटे, आणि माघ सरताना सेक्टर सहाच्या रस्त्यांवर आंब्याचा मोहर त्या दर्पाशी झगडत राही. पण आज डोळे मिटले की मला आठवतो तो त्या भिजल्या दगडाचाच वास.

प्लांटमध्ये माझं काम खुणा करण्याचं. पोलादाच्या प्रत्येक तुकड्यावर तो कोणत्या भट्टीतून निघाला त्याचा क्रमांक पिवळ्या खडूने लिहायचा, म्हणजे हजारो एकसारख्या तुकड्यांत एकाचीही ओळख हरवू नये. दिवसभर अशा ओळखी जपून घरी आल्यावर बिनओळखीचं काही हाताळावंसं वाटत असेल, म्हणूनच कदाचित मी दगडांकडे वळलो. पावर हाउस बाजारातल्या भंगारवाल्याकडून एक जुनं यंत्र आणलं होतं. पेनासारखं हातात धरायचं, लवचिक नळीने मोटरला जोडलेलं, टोकाला कधी घासायचं चाक तर कधी हिऱ्याची पूड लावलेली सुई. दगड आधी घासून आकाराला आणायचे, मग भोक पाडायचं आणि शेवटी रबरी अस्तराच्या डब्यात पाणी नि घासायची भुकटी घालून महिनाभर फिरवत ठेवायचे. भोक आधीच पाडायचं, कारण एकदा झिलई चढली की सुई घसरते. शिवाय तडकायचा तो दगड महिन्याच्या मेहनतीआधीच तडकलेला बरा. "प्लांटातलं लोखंड कमी पडून राहिलं का, आता घरी गोटेही घासून राहिले!" असं माझी बायको आल्यागेल्याला सांगे, आणि मोटर सुरू झाली की दार लावून घेई.

दादा माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वर्धेकाठच्या आमच्या गावातून तो आधी इथे आला, मग त्याने मला आणलं, नोकरीला लावलं. त्याच्या खिशात नेहमी एक तांबूस गारगोटी असे, लग्नाआधी नदीच्या पात्रात सापडलेली. ती त्याने का जपली होती, हे मी कधी विचारलं नाही. एका हिवाळ्यात हृदयविकाराने तो गेला. दहाव्याला बायांनी रिवाजाप्रमाणे वहिनीचं मंगळसूत्र उतरवलं, आणि पुढे सेक्टर दहाचं क्वार्टर रिकामं करून ती आमच्याकडे राहायला आली. एका दुपारी यंत्रासमोर येऊन तिने मूठ उघडली. तळव्यावर ती गारगोटी होती.

"भाऊजी, याले भोक पाडता येते का? काळ्या दोऱ्यात ओवीन म्हणते. गळा लय मोकळा वाटून राहिला."

मी दगड हातात घेतला, तेव्हा तिनेच पुढे म्हटलं, "कोणी काही म्हटलं तं सांगीन, गोटा तं आहे."

एवढ्या मोलाच्या दगडावर थेट सुई धरायची माझी छाती नव्हती. सरावासाठी मी वर्धेतूनच आणलेले तसेच दोन तांबूस गोटे काढले आणि तिन्ही एकाच मापाचे असावेत म्हणून आधी तिन्ही घासून आवळ्याएवढे केले. त्या घासण्यात दादाच्या बोटांनी गुळगुळीत झालेली वरची साल निघून गेली. ओळख राहावी म्हणून दादाच्या दगडावर मी पिवळ्या खडूने फुली मारली, जशी रोज खूण करतो तशी, निर्धास्त. प्लांटच्या कोरड्या शेडमध्ये तशी खूण महिनोन्महिने टिकते. आणि तिन्ही दगड पाण्याच्या टबात सोडले.

पहिला उचलला, त्यावर फुली नव्हती. म्हणजे सरावाचा. भोक अर्ध्यावर आलं की दगड उलटून दुसऱ्या बाजूने सुई घालायची असते, नाहीतर निघताना तो फुटतो. पण सरावाचाच आहे म्हणून मी तसाच रेटला. शेवटच्या क्षणी त्याचे दोन तुकडे झाले. हरकत नाही, असं मी स्वतःशी म्हणालोसुद्धा. मग त्या दुधाळ पाण्यात हात घालून उरलेले दोन बाहेर काढले. दोन्हींवर फुली नव्हती.

किती वेळ मी ते उन्हात धरून, फिरवून पाहिले असतील! आतून तिन्ही सारखेच, फिकट मधासारखे. सांगायला तेव्हाच हवं होतं. पण वहिनी पलीकडच्या खोलीत काळा दोरा वळत बसली होती, आणि उरलेल्या दोन्हींत तो असेलच असं मला वाटलं, किंवा वाटून घेतलं. दोन्हींनाही जपून भोकं पाडली, डबा भरावा लागतो म्हणून इतर दगडांबरोबर त्यांनाही आत टाकलं, आणि महिनाभर ती घरघर घरात नांदली. रोज ती विचारी, "झाला का भाऊजी?" महिन्याने झळाळते दगड धुऊन काढले, तेव्हा एकात पांढरी शीर दिसली. दादाच्या दगडात अशी शीर होती असं वाटलं. ती होती की मला हवी होती, हे आजही कळत नाही.

"हाच ना?" वहिनीने विचारलं.

"हाच," मी म्हणालो.

त्यानंतर वर्षं गेली. ती स्वयंपाक करताना, पापड वाळवताना, हसताना तो दगड तिच्या गळ्यावर हलत असे आणि तिच्या हातचं जेवताना माझी नजर ताटातच राही. उरलेला दगड आणि ते दोन तुकडे मी एका डबीत ठेवले होते. फेकवत नव्हते, पाहवतही नव्हते. गेल्या उन्हाळ्यात, आमच्या घरचे सगळे गावी गेले असताना, ती चिंचा फोडत बसली होती आणि मी बोलून गेलो. फुलीपासून शिरेपर्यंत सगळं.

तिचा हात थांबला. "म्हणजे हा त्यांचा नाही?"

"असेलही. मला खरंच ठाऊक नाही, वहिनी."

"मंग आता कावून सांगून राहिले?"

"मनावर ओझं होतं."

"तुमचं उतरलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "आता मी काय करू, तेही सांगा."

सत्य बोलल्यावर माणूस हलका होतो असं मी धरून चाललो होतो. ते कुणाच्या अंगावर पडतं याचा विचारच केला नव्हता. मी डबी आणून तिच्यापुढे ठेवली. तिने उघडली नाही. चिंचेचे हात धुतले, डबी उचलली आणि आत गेली.

आता ती पदर जरा वर ओढून घेते. मानेवर काळा दोरा दिसतो, पदराखाली शिरतो. त्याच्या टोकाला तोच दगड आहे, दुसरा आहे, फुटका तुकडा आहे की काहीच नाही, हे मला ठाऊक नाही. रोज सकाळी ती चहा पुढे ठेवते, मी विचारायला तोंड उघडतो, आणि चहा पितो.